काशीचे घाट: नावेतून की पायी?

काशीला निघालेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की राहायची जागा आणि विश्वनाथाची रांग यांच्यानंतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो. घाट कसे बघू, नावेतून की चालत? मी दोन्ही केलंय. पहिल्या खेपेला आई बरोबर होती म्हणून नाव केली. दुसऱ्या खेपेला एकटाच होतो, तेव्हा पायी फिरलो. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल मी फार अधिकाराने बोलत नाही.

आधी नावेचं पारडं. गंगा काशीत उत्तरवाहिनी होते आणि घाट सगळे पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून बसलेले. समोरचा काठ म्हणजे नुसती वाळू. पहाटे नावेत बसलं की पाठीमागून सूर्य वर येतो आणि समोरचा अख्खा काठ एका टोकापासून उजळत जातो. हे दृश्य पायी फिरून मिळत नाही, हे कबूल करायला हवं. चेतसिंहाचा किल्ला किंवा दरभंगा घाटावरचा वाडा हा लांबूनच बघायचा प्रकार आहे. पायथ्याशी उभं राहिलं तर दिसते फक्त भिंत, आणि मान दुखते ती वेगळीच.

संध्याकाळची आरतीही नावेतूनच. पुजारी गंगेकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे पायऱ्यांवर गर्दीत कोंबून बसलेल्यांना बहुधा त्यांच्या पाठी दिसतात आणि नावेतल्यांना चेहरे. शिवाय ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना काशीच्या पायऱ्या काय चीज आहे ते सांगायला नको.

मग अडलं कुठे? अडलं मणिकर्णिकेला.

आमची नाव अस्सीहून निघाली. नावाडी चांगला होता, बोलका होता. हरिश्चंद्र, केदार, दशाश्वमेध असं सांगत सांगत मणिकर्णिकेपर्यंत आला, चितांच्या समोर दोन मिनिटं वेग कमी केला, आणि नाव वळवली. "बस माताजी, मेन मेन घाट हो गए." आईने विचारलं, बिंदुमाधवाचं देऊळ? त्याने हाताने पुढे कुठेतरी दाखवलं. लांबवर पंचगंगा घाटावरची आलमगीर मशीद तेवढी ओळखू आली. आईच्या लहानपणापासूनच्या काशीच्या गोष्टींत बिंदुमाधव होता. परतीच्या वाटेवर ती फारसं बोलली नाही. पुढे दोन-चार जणांना विचारलं तर त्यांचीही नाव तिथूनच वळलेली. नेहमीचा फेरा तोच असावा.

आता आपल्यासारख्यांच्या दृष्टीने गंमत अशी की काशीतल्या मराठी खुणांचा दाट पट्टा मणिकर्णिका ओलांडली की सुरू होतो. लगेच शिंदे घाट, तिथे नदीत कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. त्यापुढे पंचगंगा. तिथे दगडी दीपस्तंभ आहे, त्याला हजारा म्हणतात आणि अहिल्याबाईंचं नाव सांगतात. वर चढून गेलं की औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ. त्याच्या आसपासच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मणिकर्णिकेच्या अलीकडे अमृतराव पेशव्यांचा राजा घाट आणि अहिल्याबाई घाट आहेतच, पण ते नावेतून दहा सेकंदांत सरकून जातात. नावाडी नाव सांगतो, आपण मान हलवतो, पुढचा घाट येतो.

दुसऱ्या खेपेला म्हणूनच चालत निघालो. उजाडायच्या आत अस्सीवर पोचलो, तिथली पहाटेची आरती आणि गाणं ऐकलं, आणि उत्तरेकडे लागलो. लगेच तुलसी घाट. त्याच्या वरच्या अंगाला लोलार्क कुंड आहे, जमिनीत खोल उतरत गेलेलं. नावेतून त्याचा पत्ताही लागत नाही. भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान, तेही आतल्या बाजूला. केदार घाटाशी पोचेस्तोवर माझा निकाल लागला होता म्हणा ना. कुठेही बसता येत होतं, कंटाळा आला की गल्लीत शिरून कुल्हडमधला चहा घेता येत होता, आणि एखाद्या घाटावर अर्धा तास मोडला तरी कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. पंचगंगेला पोचायला साडेतीन तास लागले. सरळ चाललात तर याच्या निम्म्यातही पोचाल, पण मग चालायचं कशाला?

त्रास नाही असं नाही. दर दहा पावलांवर "बाबूजी, नाव?" हा प्रश्न येतो. एक जण हात पुढे करतो, तुम्ही सभ्यपणे हात मिळवता, आणि तो सोडत नाही, मालीश सुरू झालेली असते. मी फसलो. मणिकर्णिकेपाशी काठाने सलग वाट मिळेलच असं नाही, गल्लीतून वळसा घ्यावा लागतो आणि त्या गल्लीत लाकडांच्या राशींमधून वाट काढताना कुणीतरी "वरून नीट दिसेल" म्हणत मागे लागतं, मग सरणाच्या लाकडांसाठी दान मागतं. हात जोडून चालत राहायचं. फोटो काढायचे नाहीत हे वेगळं सांगायला नकोच. पण या सगळ्या त्रासांवर "नको" म्हणण्याचा इलाज असतो. वळलेल्या नावेवर काय इलाज?

पावसाळ्यात मात्र ही तुलनाच बाद होते. पाणी चढलं की घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो, आणि नावाही बंद करतात. ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा थर बसलेला असतो, तो काढायचं काम दिवाळीच्या आसपासपर्यंत चालू दिसतं. तेव्हा कार्तिकापासून पुढे जावं. कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना आकाशदीप टांगतात, त्यासाठी संध्याकाळ राखून ठेवा.

लहान मुलं किंवा सत्तरीपुढची माणसं बरोबर असतील तर मी नाव करू नका असं म्हणणार नाही, मीही पुन्हा करीन. फक्त बसण्याआधी, भावाची घासाघीस सुरू होण्याच्याही आधी, "पंचगंगा तक" हे शब्द पक्के करून घ्या. "मणिकर्णिका के आगे" एवढं पुरत नाही, कारण शिंदे घाटही पुढेच येतो. जमलं तर एका बाजूचाच सौदा करा: पहाटे अस्सीहून पंचगंगेपर्यंत नाव, तिथे उतरून बिंदुमाधव, आणि परत येताना मंडळींना जमेल तितकं पायी. थकली तर ललिता घाटावरून विश्वनाथाच्या नव्या कॉरिडॉरमध्ये वर चढता येतं. मोबाइल मात्र तेव्हा खोलीवर ठेवून आलेले बरे, देवळात नेऊ देत नाहीत.

आईला पुढच्या कार्तिकात असंच न्यायचं ठरलंय. तिने गुडघ्याचे पट्टे आत्ताच आणून ठेवलेत.