ॲम्फीची एनएव्ही फाइल: परदेशी फंड तोलायला कितपत उपयोगी?

अमेरिकी निर्देशांकावर चालणाऱ्या दोन भारतीय फंडांतला सरस कोणता, हे ठरवायला ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचं त्या दिवसाचं मूल्य) फाइल हा पहिला आधार. फुकट मिळते, लॉगिन लागत नाही. योजनेचा क्रमांक, आयएसआयएन (योजनेचा आंतरराष्ट्रीय ओळख-संकेत), नाव, एनएव्ही, तारीख हे रकाने अर्धविरामाने तोडलेले असल्यामुळे स्प्रेडशीटमध्ये नीट बसतात. जुने आकडे मात्र एका वेळी ९० दिवसांचेच उतरवता येतात. पाच वर्षांसाठी एकवीस तुकडे जोडावे लागतात. वेळखाऊ काम आहे, पण होतं.

खरी उणीव वेगळीच. एनएव्हीपुढे तारीख असते, पण त्या एनएव्हीत अमेरिकेचा कोणत्या दिवसाचा बंद भाव धरलाय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. न्यूयॉर्कचा बाजार उन्हाळ्यात आपल्या रात्री दीडला बंद होतो, हिवाळ्यात अडीचला. एक फंड पहाटे हाती आलेला, म्हणजे आदल्या दिवसाचा भाव धरतो. दुसरा त्याच रात्रीचा भाव येईपर्यंत थांबतो. फाइलमध्ये दोघांची तारीख एकच.

एप्रिल २०२५ घ्या. ९ तारखेला एस अँड पी ५०० हा अमेरिकी निर्देशांक ९.५२ टक्के चढला, १० ला ३.४६ टक्के पडला, ११ ला १.८१ टक्के वर आला. १० ला महावीर जयंतीची आपल्याकडे सुट्टी. रुपया स्थिर धरला, तर थांबणाऱ्या फंडाने ९ ला साडेनऊ टक्के वाढ दाखवली असती आणि ११ ला सुमारे १.७ टक्के घट. आदल्या दिवसाचा भाव धरणाऱ्याची ९ ची एनएव्ही या उसळीआधीची. ११ ला एकदम ५.७ टक्के वाढ. ९ एप्रिलपर्यंतचा एक वर्षाचा परतावा काढला, तर यातला एक फंड विनाकारण नापास होतो. दोघांच्या पोटात शेअर मात्र तेच.

हे दुरुस्त करता येतं. निर्देशांकाचा टोटल रिटर्न (लाभांश धरून काढलेला) आकडा घ्या, डॉलरच्या दराने रुपयात आणा आणि रोजचा टक्केवारी बदल काढा. फंडाचाही तसाच काढा. मग स्प्रेडशीटमधलं कोरेल (CORREL) हे सूत्र, म्हणजे दोन रांगा किती एकसारख्या हलतात ते सांगणारं, दोनदा चालवा: एकदा तारखेला तारीख जुळवून, एकदा निर्देशांक एक दिवस मागे सरकवून. ज्यात आकडा १ च्या जवळ जातो, तो त्या फंडाचा खरा उशीर. दोन्ही देशांच्या सुट्ट्यांचे दिवस आधी गाळा, नाहीतर रांगा एकेक घराने घसरतात आणि निकाल गढूळ होतो. उशीर कळला की त्या फंडाची मालिका तेवढी सरकवून मगच तुलना करा.

ट्रॅकिंग एरर, म्हणजे फंडाचा आणि निर्देशांकाचा परतावा यांतल्या फरकाची चढउतार, काढताना तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. निर्देशांकाच्या रोजच्या बदलाचं प्रमाण विचलन १ टक्का असेल आणि तारखा एका दिवसाने चुकलेल्या असतील, तर वार्षिक ट्रॅकिंग एरर २२ टक्क्यांच्या घरात दिसतो. चांगल्या इंडेक्स फंडावर हा अन्यायच. लांब मुदतीत फटका कमी: शेवटच्या दिवशी ३ टक्क्यांची तफावत असली, तर पाच वर्षांच्या वार्षिक परताव्यात ती ०.६ टक्के उरते. पण फंडाच्या वार्षिक खर्चाचं प्रमाण ०.३ टक्के की ०.५ यावर जिथे फंड निवडले जातात, तिथे ०.६ सुद्धा थोडे नव्हेत. म्हणून एकाच तारखेवर विसंबू नका, रोलिंग परतावा (सुरुवातीची तारीख एकेक दिवस पुढे नेत पुन्हा पुन्हा काढलेला) काढा.

आणखी एक सापळा. रात्री फाइल उतरवली, तर देशी योजनांपुढे आजची तारीख असते आणि परदेशी योजनांपुढे जुनी. एनएव्हीबरोबर तारखेचा रकानाही उचला.

ईटीएफमध्ये (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडात) पैसे गुंतवणाऱ्या फंड ऑफ फंडचं मूल्यांकन ईटीएफच्या एनएसईवरच्या भावाने होत असेल, तर त्यात अधिमूल्यही, म्हणजे एनएव्हीपेक्षा जास्तीचा भाव, शिरतं. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे २०२२ पासून नवी युनिट्स अडली आणि असे भाव एनएव्हीच्या वर गेले. तो फरक तारखा सरकवून जात नाही. ईटीएफचा भाव आणि त्याची एनएव्ही शेजारी मांडूनच तो वेगळा काढावा लागतो.