मुरबाडकडच्या गावात आठवडाभर राहून आलो, त्याचा रिव्ह्यू (पैसे देऊन भात लावायला!)

हे रिटायर झाल्यापासून एकच धोशा, कुठेतरी गावात जाऊन राहू, हातपाय हलवू. आता आम्हाला गाव म्हणून काही नाहीच, दोघंही नौपाड्यात वाढलेलो. जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली, ज्येष्ठांसाठी श्रमदान, भटकंती आणि गावात मुक्काम, सात दिवस, दोघांचे मिळून 16000, जेवणखाण धरून. भरले पैसे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, खाली कळेल का ते.

ठाण्याहून लोकलने कल्याण आणि तिथून एसटी, कारण मुरबाडला रेल्वे नाही. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, यांना पासष्टीच्या पुढचे म्हणून अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एकच तिकीट पडलं, हे त्यावरच खूश. पाऊस जोरात असेल तर निघायच्या आधी रायत्याच्या पुलाची चौकशी करा, उल्हास नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद. येताना आम्ही पुलाच्या अलीकडे दोन तास एसटीत बसून होतो, जवळची चकली पण संपली.

घर कौलारू, स्वच्छ, गळत नव्हतं. संडास बाहेर आणि भारतीय पद्धतीचा, गुडघेवाल्यांनी आधी विचार करा. लाईट दोन दिवस नव्हती. मोबाईलला रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर.

जेवण मात्र, काय सांगू! चुलीवरची तांदळाची भाकरी, करटोलीची भाजी, कुर्डूची भाजी, एकदा सुकट. चहा कोराच, कारण दूध नसायचं. मला चालला, यांनी तिसऱ्या दिवशी मुरबाडहून दूध पावडर मागवली.

आता श्रमदान. सकाळी दोन तास आवणी, म्हणजे भाताची लावणी. ऐकायला सोपं आहे. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुट्या करून अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि तसंच वाकून मागे मागे सरकायचं. घरची ताई आणि तिच्या जावा गप्पा मारत सरळ रेघ ओढल्यासारख्या लावत जायच्या आणि माझी ओळ म्हणजे पहिलीतल्या पोराचं अक्षर. दुसऱ्या दिवशी बघते तर माझी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. ताई काही न बोलता एकेक उचलून परत लावत होती. मी म्हटलं अगं राहू दे, मीच लावते, तर म्हणे "आजी, तुमी बांधावर बसा, फोटोवाला आला की उतरा." आणि खरंच संस्थेचा एक मुलगा रोज दहाला यायचा, आमचे चिखलातले फोटो काढायचा आणि जायचा.

यांचा उपयोग झाला पण वेगळाच. हे बँकेतले, त्यामुळे चौथ्या दिवशी बचत गटाच्या बायका वही घेऊन आल्या, तीन महिने हिशोब लागत नव्हता, यांनी दुपारभर बसून एक हप्ता दोनदा मांडलेला शोधून काढला. त्यानंतर रोज कोणीतरी पासबुक घेऊन यायचं. जाहिरातीत असल्या कामाचा पत्ताच नव्हता.

भटकंतीत नाणेघाट होता. वैशाखऱ्याकडून वाट चढते, वर सातवाहनांच्या काळातली ब्राह्मी लिपीतला लेख असलेली गुहा आणि तो दगडी रांजण. पण भर पावसात शेवाळलेल्या दगडांवरून साठीपुढच्यांना नेणं म्हणजे मूर्खपणा आहे, स्पष्ट सांगते. आम्ही पहिल्या ओढ्यावरून परत फिरलो. ताईची सासू म्हणाली, तरुणपणी त्याच वाटेने डोक्यावर ओझं घेऊन जुन्नरच्या बाजारला जायचो, त्याही अनवाणी. आम्ही दोघं गुपचूप बूट धुवायला गेलो.

आता तक्रार. शेवटच्या रात्री यांनी ताईला सहज विचारलं, तुम्हाला किती मिळतात? जेवणाचे माणशी दिवसाला 250. यांनी लगेच कॅलेंडरच्या मागे मांडलं, दोघांचे सात दिवसांचे 3500. मग उरलेले 12500 कुठे गेले? खोलीचं भाडं वेगळं नाही, शेतातल्या वेळाचं काही नाही, वर आमची तरंगती रोपं लावायचं काम फुकट. संस्थेला फोन केला तर "मॅनेजमेंट कॉस्ट असते काका". किती असते ते दोनदा विचारूनही सांगितलं नाही.

गावाला पाच स्टार, संस्थेला दीड, आणि तो अर्धा रोज वेळेवर येणाऱ्या फोटोवाल्या पोरासाठी. जाणार असाल तर पैशांचं आधी लेखी विचारा. गोळ्या आठवड्याच्या वर दोन दिवसांच्या जास्त न्या, दवाखाना थेट मुरबाडला आहे.

आम्ही कापणीला परत जातोय, यावेळी ताईला सरळ फोन करून, पैसे तिच्याच हातात. ती म्हणाली या की, पण आजी, इळा आम्ही धरू, तुमी भारे मोजा आणि काकांना वही आणायला सांगा.