वर्गासाठी ध्वनिशोषक छत: खनिज तंतूंच्या टाइल्स कितपत कामाच्या?

मुलांचं लक्ष लागावं म्हणून वर्गाच्या भिंती रंगवायच्या आधी रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. आवाज रेंगाळला, तर शिक्षकांचे शब्दही एकमेकांत मिसळणार. निसटलेला शब्द मोठी माणसं संदर्भावरून भरून काढतात, लहान मुलांना ते तितकंसं जमत नाही. नुसतं ऐकण्यातच ती थकतात. शिवाय गोंगाटात जो तो आणखी मोठ्याने बोलतो.

यावर खनिज तंतूंच्या ६०० बाय ६०० मिमीच्या टाइल्स हा भरवशाचा उपाय आहे. मात्र निवडताना नक्षी नको, एनआरसी विचारा, म्हणजे आदळलेल्या आवाजाचा साधारण किती भाग टाइल शोषते ते सांगणारा आकडा. ०.५ ची आणि ०.७५ ची टाइल दिसायला सारखीच असते, आणि फसगत इथेच होते.

९ बाय ७ मीटरची, ३ मीटर उंच खोली धरा: १८९ घनमीटर. एएनएसआय एस१२.६० या अमेरिकी मानकानुसार एवढ्या वर्गात मुलं नसताना निनाद, म्हणजे रेंगाळणारा आवाज, ०.६ सेकंदांच्या आत विरायला हवा. त्यासाठी किती शोषण हवं ते असं निघतं: ०.१६१ हा ठरलेला स्थिरांक गुणिले १८९ भागिले ०.६, म्हणजे सुमारे ५१ चौरस मीटर, जणू आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग. प्लास्टर आणि फरशी मिळून जेमतेम ५ देतात. ०.७५ ची टाइल ६३ चौरस मीटर छतभर लावली की ४७ मिळतात, गणित जुळतं. ०.५ ची लावली तर ३१ वरच अडतं आणि निनाद ०.८ च्या पुढे राहतो.

दिवे, पंखे जी जागा खातात तिची भरपाई मागच्या भिंतीवर करावी. तिथे २५ ते ५० मिमी जाडीचं पॅनल हवं. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषतो. अंड्यांचे ट्रे तर निव्वळ शोभेचे.

टाइलच्या वर २०० मिमी पोकळी सोडली तर खालच्या पट्टीतला घुमाराही कमी होतो. छत आधीच बुटकं असेल तर हे महागात पडतं, कारण खिडकीचा वरचा उजेड अडतो. गळक्या स्लॅबखाली टाइल लावूच नये, ओल लागली की तिला पोक येतो. ऑइलपेंट मारला की छिद्रं बुजतात आणि शोषण संपतं.

बाहेरचा गोंगाट मात्र या टाइल्स अडवत नाहीत. व्हरांड्यातली गडबड आत येत असेल तर आधी दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा.