डोके झिजलेल्या स्क्रूसाठी जपानी पक्कड : सोलापुरातील शिलाई यंत्रांवर वापरून पाहिल्यावर

शिलाई यंत्राचा, प्रिंटरचा किंवा मोटरच्या कंट्रोल बॉक्सचा एखादा छोटा स्क्रू अडकून बसला आणि त्याच्या डोक्यावरची फुली झिजून गोल झाली, की बहुतेक ठिकाणी लगेच छिन्नी-हातोडी किंवा ड्रिल मशीन बाहेर काढले जाते. त्यात स्क्रू निघतो खरा, पण झाकणावर ओरखडे पडतात, प्लास्टिकला तडा जातो आणि कधीकधी आतल्या सर्किटवर लोखंडाचा भुगा सांडतो. ओसाकाच्या ‘इंजिनिअर’ या कंपनीची पीझेड-५८ ही पक्कड नेमकी याच कामासाठी बनवलेली आहे. जपानमध्ये ती ‘नेजिसॉरस जीटी’ या नावाने विकली जाते, तर अमेरिकेत याच घराण्यातील पकडी ‘व्हॅम्पलायर्स’ म्हणून ओळखल्या जातात. सोलापुरात शिलाई यंत्रे आणि त्यांच्यावरील विजेच्या मोटरी दुरुस्त करताना मी ती नियमित वापरत आलो आहे. ज्या स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या वर आहे त्याच्यासाठी याहून चांगले हत्यार माझ्या हाती आलेले नाही. मात्र ज्याचे डोके पृष्ठभागात बुडालेले आहे, तेथे तिचा काहीही उपयोग होत नाही.

साध्या पकडीने असा स्क्रू का निघत नाही, हे तिचे दाते पाहिल्यावर समजते. साध्या पकडीच्या जबड्यावरील दाते आडवे असतात. पक्कड स्क्रूवर सरळ उभी धरली की ते दाते डोक्याच्या कडेवरून फिरण्याच्याच दिशेने जातात, त्यामुळे कितीही दाबले तरी जबडा गोल डोक्यावरून घसरत राहतो. पीझेड-५८ च्या टोकाशी आडव्या दात्यांबरोबर उभ्या खाचाही पाडलेल्या आहेत. उभ्या खाचांच्या धारा फिरण्याच्या दिशेला आडव्या येतात, डोक्याच्या कडेत रुततात आणि मनगटाची सगळी ताकद स्क्रूपर्यंत पोहोचते. ३ ते ९.५ मिलिमीटर व्यासाची डोकी ती धरू शकते. ट्रस प्रकारचे, म्हणजे पसरट आणि बुटके डोकेही ती पकडते, आणि माझ्या मते तिची खरी परीक्षा तेथेच होते, कारण अशा डोक्याला धरण्यासाठी जेमतेम पातळ कड असते.

सोलापुरात टॉवेल आणि चादरीच्या जोडीला गणवेश शिवणारे कारखानेही मोठ्या संख्येने आहेत. येथील यंत्रांत अडचण केवळ गंजाची नसते. कापसाची बारीक तूस यंत्राच्या तेलात भिजते, स्क्रूच्या खाचेत जाऊन बसते आणि कालांतराने तिची घट्ट टिकली तयार होते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या टिकलीवर टेकते, खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाही, आणि पहिल्याच जोराला फुलीचे कोपरे उडतात. त्यामुळे कोणताही स्क्रू फिरवण्याआधी जुन्या सुईच्या टोकाने त्याची खाच कोरून घ्यावी, हे मी प्रत्येक कारागिराला आवर्जून सांगतो. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका कारखान्यात शाळा उघडण्याच्या आधीच्या गर्दीत एका यंत्राचा कंट्रोल बॉक्स उघडायचा होता. त्याच्या चारपैकी तीन स्क्रूंची डोकी आधीच कोणीतरी खाऊन ठेवली होती. “काका, ड्रिल मारू नका, आत भुगा गेला तर बोर्डच जाईल,” असे तेथील मास्तर काळजीने म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. पक्कड उभी धरली, डोक्याच्या कडेवर जबडा घट्ट आवळला आणि पाव फेरीइतके हलकेच वळवले. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला, स्क्रू सुटला आणि पुढचे आटे बोटांनीच निघाले. झाकणाच्या रंगाला ओरखडाही पडला नाही. डोक्याच्या कडेवर मात्र दात्यांचे स्पष्ट व्रण उमटतात, म्हणून काढलेला स्क्रू पुन्हा न लावता त्याच मापाचा नवा लावावा.

आता मर्यादांबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण जाहिरातीतील चित्रे पाहून ही पक्कड घेणाऱ्याची निराशा याच ठिकाणी होते. एकसुई शिलाई यंत्राच्या नीडल प्लेटचे, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पट्टीचे, स्क्रू प्लेटच्या पातळीत बुडवलेले असतात; त्यांना बाहेरून धरायला कडच नसते. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू खोल खळग्यात असतात, तेथे जबडा शिरत नाही. बॉबीन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीच्या, टेन्शन स्प्रिंगचा इवलासा स्क्रू तिच्या मापाच्याही खाली जातो. अशा ठिकाणी लोक एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे डोक्यात भोक पाडून उलट्या आट्यांनी स्क्रू ओढून काढणारा बिट, वापरतात. मोठ्या स्क्रूसाठी तो उत्तम आहे. परंतु ३ मिलिमीटर आणि त्याहून बारीक स्क्रूमध्ये भोकाभोवती उरणारी भिंत फार पातळ असते, आणि त्या मापाचा बिट आत तुटला तर त्याचे कडक पोलाद साध्या ड्रिलने कापताही येत नाही. नीडल प्लेटच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. जुकी या जपानी कंपनीच्या यंत्रांसारख्या अनेक यंत्रांत या स्क्रूचा व्यास ११/६४ इंच आणि आटे इंचाला ४० असे असतात. ते दिसायला एम-४, म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक स्क्रूच्या, जवळचे वाटतात, म्हणून अनेकदा हार्डवेअरच्या दुकानातला एम-४ स्क्रू तेथे जबरदस्तीने घुसवला जातो. एम-४ च्या आट्यांतील अंतर ०.७ मिलिमीटर, तर मूळ स्क्रूचे सुमारे ०.६३५ मिलिमीटर असल्याने दोन-तीन फेऱ्यांतच यंत्राच्या बिडातले आटे कायमचे खराब होतात. शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानातून मूळ मापाचाच स्क्रू आणावा.

मुळात डोके झिजतेच का, याचे एक कारण आपल्याकडे दुर्लक्षित राहिले आहे. आपण ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतो, त्या फुलीचे प्रकार एकाहून अधिक आहेत. फिलिप्स फुलीच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर ढकलला जातो. जपानी यंत्रांतील बऱ्याच स्क्रूंची फुली जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाची असते. ती फिलिप्ससारखीच दिसते, पण फिलिप्सचा ड्रायव्हर तिच्यात पूर्ण खोल बसत नाही आणि टोकावरच कोपरे कुरतडतो. अशा पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जेआयएस मापाचा ड्रायव्हर घ्यावा. ओसाकाच्याच व्हेसल कंपनीचे ड्रायव्हर या फुलीत पक्के बसतात, असा माझा अनुभव आहे. असा एक ड्रायव्हर हाताशी असेल तर या पकडीची गरजच कमी पडते, आणि एखादे हत्यार आधी घ्यायचे असेल तर मी हा ड्रायव्हर आधी घ्यायला सांगेन.

पक्कड आवळूनही स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी थांबावे. कारखान्यातून येतानाच काही स्क्रूंना थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव, लावलेला असतो. निळा मध्यम प्रकार हाताच्या हत्यारांनी सुटतो. लाल प्रकाराला मात्र सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर काही वेळ टेकवून धरले आणि स्क्रू गरम असतानाच पक्कड लावली, तर तो बहुधा निघतो. शेजारी प्लास्टिक किंवा वायर असेल तर हा उपाय करू नये. गंज असेल तर पेनिट्रेटिंग तेलाचा, म्हणजे आट्यांत झिरपणाऱ्या पातळ तेलाचा, थेंब सोडून निदान रात्रभर वाट पाहावी. कारखाना बंद ठेवणे परवडत नसले, तरी डोके पूर्ण तुटल्यावर जाणाऱ्या वेळेपेक्षा तो वेळ कमीच असतो.

बनावटीबद्दल तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही. साधारण १६ सेंटिमीटर लांबीची ही पक्कड हातात नीट मावते, आणि सततच्या वापरानंतरही उभ्या खाचांच्या धारा बोथट झालेल्या नाहीत. तिने तापवून कडक केलेल्या खिळ्यासारखी टणक वस्तू ओढू नये आणि तिला नेहमीची पक्कड म्हणून राबवू नये. त्या कामासाठी नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाची साधी पक्कड पुरेशी आणि बरीच स्वस्त आहे. किंमत हाच येथील खरा अडसर आहे. आयात माल असल्याने साध्या पकडीच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. नवी पेठेत मी विचारले त्या दुकानांत ती नव्हती, म्हणून ऑनलाइन मागवावी लागली. ऑनलाइन घेताना टोकाचे जवळून काढलेले छायाचित्र पाहावे. जबड्याच्या अगदी टोकाशी उभ्या खाचा दिसत नसतील, तर नाव काहीही असले तरी ती पक्कड घेऊ नये. ज्याला वर्षातून एखादाच स्क्रू अडतो त्याने हा खर्च करण्याचे कारण नाही. रोज यंत्रे उघडणाऱ्या मिस्त्रीने मात्र ती अवश्य घ्यावी, आणि मोबाईल-कॅमेऱ्याचे काम करणाऱ्याने याच कंपनीची लहान जबड्याची पक्कड पाहावी.