तबल्याच्या खोलीला काय लावावं: फोम, रॉकवूल, छिद्रांचा पत्रा की पडदा?

इंदिरानगरमधल्या मित्राला दहा बाय बाराच्या खोलीत तबल्याचा क्लास सुरू करायचाय. डग्गा इतका घुमतो की मुलांना स्वतःचे बोल नीट ऐकू येत नाहीत.

बाजारात आधी पुढे करतात तो काळा, टोकेरी फोम. आवाजाची लाट जितकी लांब, तितका जाड फोम लागतो. १००० हर्ट्झची (सेकंदाला हजार कंपनांची) लाट ३४ सेंटिमीटरची, डग्ग्यासारख्या खालच्या, १०० हर्ट्झच्या सुराची जवळपास साडेतीन मीटरची. इंचभर फोम चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलाची, धार खातो आणि डग्ग्याला हातही लावत नाही. शिवाय साधा फोम पेट घेतो. मुलांच्या खोलीत मी तो लावणार नाही.

रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी, जळत नाही. चार इंच जाड असेल तर काम चांगलं करतं, पण जागा खातं. तंतू उडू नयेत म्हणून वर कापड घट्ट ताणावं लागतं.

सूक्ष्म छिद्रांचा पत्रा मला फार आवडतो. चीनचे मा दायू यांनी १९७५ मध्ये त्याचं गणित मांडलं. मिलिमीटरहून बारीक छिद्रांतून हवा ये-जा करताना घासते आणि आवाजाची उष्णता होते. जर्मनीची संसद बॉनमध्ये होती तेव्हा तिच्या काचेच्या सभागृहाचा घुमाराही अशाच पारदर्शक पत्र्यांनी काबूत आला. ओल्या फडक्याने पुसता येतो. मात्र जाडी मोजताना पत्रा आणि भिंत यांच्यामधली पोकळी धरायला विसरू नका. दोन इंच पोकळीत तो मधल्या सुरांपुरताच चालतो.

सगळ्यात पातळ म्हणजे रबराचा ताणलेला पडदा. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ०.२ मिलिमीटरच्या पडद्यावर लोखंडी चकत्या चिकटवून १७० हर्ट्झच्या आसपासचा ८६ टक्के आवाज शोषून दाखवला. तबलजीला हे लगेच पटेल, कातड्यावर शाई वजन देते तसंच हे. अडचणही तीच: ठरावीक सुरांनाच तो धरतो, ताण बदलला की सूर सरकतो. डग्ग्यावर तर मनगट घासून सूर सतत हलवतात.

म्हणून मी मित्राला सुताराकडे पाठवलं. ६ मिलिमीटरचं प्लायवूड, मागे १० सेंटिमीटरची बंद पोकळी, आत रॉकवूल. ही पेटी साधारण १०० हर्ट्झला झुलते, आणि रॉकवूलमुळे आजूबाजूचे सूरही थोडे धरते. अशा पेट्या कोपऱ्यांत, आणि समोरच्या भिंतीला छिद्रांचा पत्रा.

शेजाऱ्यांची तक्रार असेल तर मात्र यातलं काहीच पुरणार नाही. आवाज अडवायला वजन लागतं. आधी दार भरीव करा आणि खालची फट बुजवा.