वजन बरंच जास्त असताना पळावं की भरभर चालावं?

वजन शंभराच्या आसपास किंवा पुढे गेलेलं, डॉक्टरांनी 'हालचाल वाढवा' म्हणून सांगितलेलं, आणि मनात पळण्याची हौस. अशा वेळी पळावं की चालावं, हा प्रश्न मलाही पडला होता आणि दोन्ही करून पाहिल्यावर माझं उत्तर ठरलं. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पळू नये. बाकीच्यांसाठी पुढचं लिहितो.

गुडघ्यांची भीती सगळेच घालतात. ती अगदीच खोटी नाही. चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापट जोर येतो, पळताना दोन ते तीनपट. पण म्हणून 'पळालात की गुडघे गेले' हे मला पटत नाही. हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्यांची झीज बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा कमीच आढळली आहे. अर्थात त्या पळणाऱ्यांमध्ये बरेचसे सडसडीत असतात, त्यामुळे हा दिलासा आपण जरा बेतानेच घ्यावा. जिना उतरताना आधीच कळ येत असेल, तर पळण्याचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा.

वेळेच्या हिशेबात पळणं सरस आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, म्हणजे पळणाऱ्याचं काम निम्म्या वेळात होतं. तेवढ्याच अंतराला उष्मांकही जास्त खर्च होतात. शिवाय पळून आल्यावर अंगात जी तरतरी येते, ती मला चालण्यातून तितकी कधी मिळाली नाही.

तरीही मी चालण्याकडे वळलो, ते नडगीमुळे. गुडघे मला कधी फारसे बोलले नाहीत. घोट्याच्या थोडं वर, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबून पोटरीच्या मध्यापर्यंत वर सरकवला, की वीतभर पट्टा ठणकायचा. या दुखण्याची खोड अशी, की पळायला लागल्यावर आधी दुखतं, अंग तापलं की शांत होतं. आपल्याला वाटतं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की पुन्हा तीच कळ, आदल्या दिवसापेक्षा जास्त. मग विश्रांती आली. विश्रांतीत कमावलेला दम गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि जरा लय लागते न लागते तोच पुन्हा नडगी. दुखण्यापेक्षा या खंडानेच मी जास्त वैतागलो. यामागचं कारण साधं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण हाडांना आणि कंडरांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून आपण अंतर वाढवतो आणि पाय मागे राहतात. वजन जास्त असलं की ही तफावत लवकर भोवते.

चालण्याने माझा व्यायाम असा कधी मोडला नाही. मात्र रमतगमत चालून फार काही साधत नाही. चढावर चालावं. चढावर वेग कमी ठेवूनही धाप लागते आणि सपाटीवर जोरात चालण्यापेक्षा सांध्यांवर भार कमी येतो. शेजारच्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. ट्रेडमिलवर चढ देणार असाल, तर यंत्राची वजनमर्यादा आधी पाहून घ्या आणि कठड्याला धरून चालू नका, अर्धा व्यायाम तिथेच जातो. मांड्यांना मांड्या घासून सोलवटतात, तो त्रास दोन्हीकडे आहे. मांडीपर्यंतची घट्ट चड्डी घातली की भागतं.

माझा कल एव्हाना कळलाच असेल. तुमच्या नडग्या माझ्यापेक्षा चिवट असू शकतात, त्यामुळे हट्ट धरत नाही. पण सुरुवातीचे काही महिने तरी चढावर चालून काढावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर पळायचं झालं तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड, आणि पहिल्या आठवड्यात पळण्याचं एकूण अंतर ३ किलोमीटरच्या आत. छातीत दाब आला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, बसल्यावर किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. ते अंगावर काढू नका, तपासून घ्या.