बाथरूमचं काम: ठेकेदाराला तोंडी सांगावं, फोटो पाठवावा, लिहून द्यावं की भिंतीवर खूण करावी?

बाथरूम नव्याने करायचं ठरलं की टाइल्स, नळ, कमोड निवडण्यात आठवडे जातात. आपल्याला नेमकं काय हवंय ते ठेकेदारापर्यंत पोहोचवायचं कसं, यावर मात्र फारसा विचार होत नाही. मार्ग चार आहेत: तोंडी सांगणं, फोनवर फोटो आणि मेसेज पाठवणं, कागदावर लिहून देणं आणि जागेवर जाऊन भिंतीवर खूण करून देणं. चारही उपयोगाचे आहेत, पण प्रत्येक गोष्टीला चारही चालत नाहीत. कुठे काय वापरायचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: यात चूक झाली तर टाइल फोडावी लागेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तोंडी सांगून थांबायचं नाही.

फरशीच्या उताराचं उदाहरण घ्या. तोंडी सांगताना आपण म्हणतो, ‘उतार नीट द्या.’ मिस्त्री म्हणतो, ‘काळजीच करू नका.’ तो मनापासूनच म्हणतो, पण त्याच्या डोळ्यासमोरचा ‘नीट’ आणि आपला ‘नीट’ एकच आहे का, हे दोघांनाही माहीत नसतं. फोटो पाठवला तर त्यात उतार दिसतच नाही, दिसते ती फक्त गुळगुळीत फरशी. लिहून दिलं तर असं लिहिता येतं: ‘फरशीचा उतार सगळ्या बाजूंनी जाळीकडे. दर मीटरला १० ते २० मिमी, शॉवरखाली २० च्या जवळ. बादलीभर पाणी ओतल्यावर कुठेही साचून राहता कामा नये.’ आणि खूण करायची तर भिंतीच्या कडेने तयार फरशीच्या पातळीची रेघ मारायची, जाळीपाशी ती किती खाली येणार ते तिथेच लिहायचं. टाइल बसवणारा माणूस त्या रेघेवर दोरी धरून थेट कामाला लागतो.

लेखी ओळीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शेवटचं वाक्य. काम बरोबर झालं हे कसं तपासणार, ते आधीच ठरलेलं असतं. पाणी साचलं तर साचलं, मग आवाज चढवायची गरज उरत नाही.

तोंडी सांगण्याची ताकद आणि मर्यादा

तोंडी बोलणं कमी लेखू नये. भिंत ओळंब्यात नाही, जुना पाइप गंजलाय, तुम्ही म्हणता तिथे बेसिन घेतलं तर दार अडेल, हे सगळं ठेकेदार बोलण्याच्या ओघातच सांगतो. कागद हातात दिला की तो ‘बरं’ म्हणून खिशात घालतो. म्हणून पहिली भेट मोकळ्या गप्पांचीच हवी, तीही बाथरूममध्ये उभं राहून.

अडचण पुढे येते. आपण सांगतो ठेकेदाराला, काम करतात प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि टाइलवाला. निरोप तीन तोंडांतून जातो आणि वाटेत आकडे गळतात. तोंडीच सांगायचं असेल तर शेवटी विचारा, ‘हे तुम्ही कसं करणार, मला सांगा बरं.’ ‘समजलं का?’ या प्रश्नाला कोणीही ‘नाही’ म्हणत नाही. समोरच्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडतो.

फोटो आणि मेसेज

दिसण्याच्या गोष्टींसाठी फोटोसारखं साधन नाही. टाइल्स आडव्या की उभ्या, सांधे एका रेषेत की विटांसारखे, कापलेले तुकडे दाराशी यायला नकोत तर कोपऱ्यात कुठे जावेत, हे शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. शिवाय मेसेजवर तारीख-वेळ राहते.

पण पाच वेगवेगळ्या बाथरूमचे पाच फोटो पाठवले तर त्यातलं आपल्याला काय आवडलं, हे ठेकेदाराने ओळखायचं कसं? प्रत्येक फोटोखाली एक ओळ हवीच: ‘यातला फक्त कोनाडा बघा, नळ वेगळे आहेत.’ रंगाच्या बाबतीत फोनवर विसंबू नका. पडद्यावर ग्राउटचा, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरायच्या मसाल्याचा, रंग बदलतो, तेव्हा दोन टाइल्समध्ये खरं ग्राउट भरून वाळल्यावर बघा. उत्तरादाखल आलेला अंगठा म्हणजे ‘बघितलं’ एवढंच, ‘मान्य’ नव्हे. आणि व्हॉइस मेसेज तर टाळाच, टेप हातात धरून मिस्त्री तो पुन्हा शोधून ऐकत बसणार नाही.

कागद

लिहून मागितलं तर ठेकेदार दुखावेल, अशी भीती अनेकांना वाटते. मला तसं वाटत नाही. कागद त्याचंही संरक्षण करतो, कारण ‘हे पण यातच धरलं होतं ना?’ असं आयत्या वेळी त्याला कोणी म्हणू शकत नाही. एका पानाच्या कागदालाही जो साफ नकार देतो, त्याच्याबद्दल तोडफोड सुरू होण्याआधी कळलं ते बरंच झालं.

दोन ठेकेदारांचे दर ताडून बघायचे असतील तर कागदाशिवाय ते जमतच नाही. एकाने राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग आणि अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचे छोटे नळ) धरलेले असतात, दुसऱ्याने नुसती मजुरी. आकडा लहान दिसतो म्हणून दुसरा स्वस्त ठरतो. दोघांना एकच यादी द्या आणि प्रत्येक वस्तूपुढे ‘कोण आणणार’ हे लिहून घ्या.

कागदावर सगळ्यात जास्त जागा द्यायची ती टाइल्सच्या मागे झाकल्या जाणाऱ्या कामाला. वॉटरप्रूफिंगचं कोणतं साहित्य, किती कोट, दोन कोटांमध्ये किती वेळ, हे कंपनीच्या सूचनेप्रमाणेच. ते भिंतीवर किती उंच न्यायचं तेही लिहा. शॉवरच्या भिंतींवर १८०० मिमी ही अनेक ठिकाणी धरली जाणारी उंची आहे. कोट वाळल्यावर जाळी बंद करून पाणी भरायचं, २४ ते ४८ तास तसंच ठेवायचं आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहायचं. पाइपांना दाब देऊन तपासणी भिंत बुजवण्याआधी करायची. या दोन तपासण्या होईपर्यंत टाइल लावायची नाही, हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहीन. पैशांचे हप्तेही तारखांना न बांधता या टप्प्यांना बांधा. आणि मध्येच काही बदललं तर जास्तीचे पैसे आणि जास्तीचे दिवस आधी लिहून घ्या, मग हातोडा उचलू द्या.

कागद फार लांबला तर कोणी वाचत नाही. दोन पानं पुरतात.

भिंतीवरची खूण

हा मार्ग सर्वांत कमी वापरला जातो आणि मापांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा आहे. कमोडच्या आउटलेटचं बघा. कंपनीच्या पत्रकात अंतर दिलेलं असतं ते तयार भिंतीपासून, म्हणजे टाइल लागल्यानंतरच्या. प्लंबर मोजतो उघड्या विटांपासून. मध्ये प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल मिळून २५ ते ३० मिमी सहज जातात. पत्रकात ३०० मिमी असेल तर विटेपासून खूण ३२५ ते ३३० वर यायला हवी. ती चुकली तर कमोड भिंतीला टेकेल किंवा बसणारच नाही. भिंतीत जाणाऱ्या डायव्हर्टरचंही (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणाऱ्या भागाचंही) तसंच: त्याच्या अंगावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात आणि तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन्हींच्या मध्येच यावा लागतो.

शॉवरची उंची ठरवताना घरातल्या सर्वांत उंच माणसाला तिथे उभं करा, आणि हाताचा शॉवर बसून वापरणारं कोणी असेल तर त्यांनाही स्टुलावर बसवून बघा. हे माप कागदावरून येत नाही. खुणा प्लास्टरखाली जातात, म्हणून प्रत्येकीचा टेप धरून फोटो काढायचा.

तुमचं काय ठरवाल?

फक्त नळ, आरसा, बेसिन बदलायचं असेल तर बोलणं आणि एक नीट मेसेज पुरे. फरशी उखडणार असाल तर कागद आणि खुणा दोन्ही हवेत. रोज जागेवर जाणं शक्य नसेल तर कागद आणखी काटेकोर करा आणि भिंत बुजवण्याआधीचे फोटो ही ठेकेदाराची जबाबदारी म्हणून त्यातच लिहा. घरातून सूचना देणारा माणूसही एकच ठेवा, नाहीतर सकाळी एकाने सांगितलेलं संध्याकाळी दुसरा फिरवतो आणि कागदाला अर्थ उरत नाही.

काम तोंडी बोलण्यावर सुरू झालंच असेल तरी उशीर झालेला नाही. आज जागेवर जा, अजून काय काय उघडं आहे ते बघा आणि तेवढ्याचीच यादी ठेकेदारासोबत उभ्या उभ्या लिहून दोघांनी सही करा. सुरुवात पाइपांपासून करा, कारण सगळ्यात आधी तेच झाकले जातात.